गोड बातमी कळायच्या आधीच बाळाचा ओठ जुळत असतो

२०२५ च्या ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं ना, त्या दिवशी सकाळपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर तेच ते मेसेज फिरत होते. वेध लागल्यापासून गरोदर बाईने चाकू हातात धरायचा नाही, सुईदोरा नको, भाजी चिरायची नाही, झोपायचं पण नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. त्याच ग्रुपवर माझी वहिनी पण आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, जन्मला तेव्हा त्याचा वरचा ओठ डाव्या बाजूला पार नाकपुडीपर्यंत उघडा होता, हिरडीत पण फट होती. आता ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले, पोरगा बालवाडीत जातो, दिवसभर बडबड चालू असते, ओठावरची बारीक रेघ सोडली तर सांगून कुणाला खरं वाटणार नाही. पण असले मेसेज वाचून वहिनीचं काय होत असेल ते मला माहितीये, कारण बाळ झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नात्यातल्या एका काकूंनी तिला विचारलं होतं, "ग्रहणात काही चिरलं-बिरलं होतंस का गं?" टाके ओले होते तिचे. आणि तिने खरंच आठवायला सुरुवात केली, कारण २०२२ च्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं आणि फराळाचं सगळं घरात चालू होतं.

मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. भ्रूणाची वाढ हा चॅप्टर दरवर्षी शिकवायचा असतो, तेव्हा निदान या बाबतीत तरी घरात नीट सांगणं माझं काम आहे असं मला वाटतं, आणि घरापुरतं कशाला, ज्यांची लग्नं ठरलीयेत किंवा नुकती झालीयेत त्या सगळ्या मुलींसाठी हे लिहितेय. मुलांसाठी पण.

तर पोटात चेहरा कसा तयार होतो ते आधी. सुरुवातीला तोंडाच्या जागेभोवती पाच छोटे उंचवटे असतात, एक वरून कपाळाकडचा, दोन गालांकडचे आणि दोन खालच्या जबड्याचे. हे वाढत वाढत एकमेकांकडे सरकतात आणि भेटतात तिथे जुळतात. आपल्या वरच्या ओठावर नाकाखाली जी खळगी असते ना, साधारण तिच्या दोन कडांच्या रेषेत ही जुळणी होते. एका बाजूला जुळायचं राहिलं की त्या बाजूचा ओठ उघडा राहतो, दोन्हीकडे राहिलं तर दोन्ही. डावीकडे होण्याचं प्रमाण उजवीकडच्या जवळपास दुप्पट आहे, आणि मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा जास्त. टाळू नंतर जुळते, तिच्या दोन पट्ट्या आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभ्या लोंबत असतात, मग आडव्या होऊन मध्ये येऊन मिळतात. जगभरात साधारण ७०० बाळांमागे एकाला यातलं काहीतरी होतं, म्हणजे ही काही कधीतरी ऐकू येणारी गोष्ट नाही, तुमच्या तालुक्यात पण दरवर्षी अशी बाळं जन्मतात.

आता वेळ बघा, कारण सगळं त्यातच आहे. ओठ जुळतो गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. टाळू सहाव्या ते नवव्या. वहिनीला त्या दिवाळीत सातवा महिना चालू होता. म्हणजे ग्रहण लागलं तोवर बाळाचा ओठ जसा व्हायचा तसा होऊन काही महिने उलटले होते, तिने करंज्यांच्या कडा कातल्या काय आणि नाही कातल्या काय. हे मी तिला कॅलेंडर पुढे ठेवून दाखवलं तेव्हा ती खूप रडली, आणि मला वाटतं तेवढ्या एका हिशोबाने तिच्या मनावरचं जे उतरलं ते आमच्या इतके दिवसांच्या समजावण्याने उतरलं नव्हतं.

पण ह्याच वेळेच्या हिशोबात दुसरी गोष्ट पण दडलीये आणि ती जास्त महत्त्वाची आहे. पाळी चुकते तेव्हा चौथा आठवडा संपत आलेला असतो. मग आपण आठ-दहा दिवस वाट बघतो, मग किट, मग डॉक्टरची अपॉइंटमेंट, पहिली व्हिजिट होईपर्यंत सातवा-आठवा आठवडा उजाडतो. गावाकडे आशाताईंकडे नाव नोंदवायला कधी कधी तिसरा महिना लागतो, कारण तीन महिने कुणाला सांगायचं नाही अशी आपल्याकडे पद्धतच आहे. आणि त्या पहिल्या व्हिजिटला डॉक्टर फोलिक अ‍ॅसिडची गोळी लिहून देतात. ती घ्यायचीच, पुढच्या महिन्यांतही तिचं काम आहे, पण ओठासाठी तिचा जो उपयोग व्हायचा तो काळ बहुतेक निघून गेलेला असतो. मणक्याचं तर त्याहून आधी, मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो ती पाळी चुकल्यावर साधारण दोन आठवड्यांत बंद झालेली असते. म्हणून फोलिक अ‍ॅसिड दिवस जायच्या आधी सुरू पाहिजे, निदान एक महिना आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि पुढे पहिले तीन महिने.

फोलिक अ‍ॅसिड म्हणजे बी ९ व्हिटॅमिन, पालेभाज्यांत आणि कडधान्यांत असतं त्याला फोलेट म्हणतात. नवीन पेशी बनताना डीएनएची कॉपी व्हावी लागते आणि त्यासाठी फोलेट लागतं. त्या पहिल्या आठवड्यांत पेशी इतक्या झपाट्याने वाढत असतात, आणि चेहऱ्याच्या पेशी तर मागून, मणक्याच्या बाजूने प्रवास करत पुढे येतात, की जरा कमतरता पडली तर एखाद्या ठिकाणची जुळणी ठरलेल्या वेळेत पूर्ण न होण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती संधी परत येत नाही, कारण तोवर चेहरा रुंदावलेला असतो आणि दोन कडा लांब गेलेल्या असतात.

आणि ह्या व्हिटॅमिनचा शोध कुठे लागला माहितीये? आपल्या परळमध्ये! हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरं एकदम मान वर करतात. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करायला लागली. गरोदर बायकांमध्ये एक भयंकर अ‍ॅनिमिया दिसायचा, बायका त्यात दगावायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच गिरण्यांत राबणाऱ्या गरीब घरच्या होत्या. विल्सने त्यांच्या घरी जाऊन काय शिजतं ते बघितलं, जेवणात भाजी, फळं, दूध नावालाच. मग तिने उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि एका माकडाला यीस्टचा अर्क, तो ब्रेडला लावून खातात तो मार्माइट, दिल्यावर ते सुधारलं. मग तेच तिने बायकांना दिलं आणि त्या बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ मध्ये तिने ते छापलं. त्यात नेमकं काय आहे हे तेव्हा कळलं नव्हतं, लोक नुसतं विल्स फॅक्टर म्हणायचे, तेच पुढे फोलेट निघालं. आणि १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले लॅबमध्ये ते बनवलं यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने, आंध्रचा माणूस. म्हणजे आपल्या गिरणगावातल्या बायांच्या रक्तावरून जगाला जे कळलं ते आपल्याच मुलींपर्यंत वेळेत पोचत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता पुरावा किती पक्का आहे तेही सांगते, कारण इथे बरेच लोक जरा जास्तच छातीठोकपणे बोलतात. मणक्याच्या व्यंगाबाबत प्रश्नच उरलेला नाही. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा सात देशांतल्या बायकांवरचा अभ्यास आला, ज्यांना आधी असं बाळ झालं होतं त्यांना दिवस जायच्या आधीपासून ४ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड दिलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं, इतकं स्पष्ट होतं की तो अभ्यास मध्येच थांबवून सगळ्यांना सांगावं लागलं. ओठाच्या बाबतीत चित्र तितकं स्वच्छ नाही. नॉर्वेत पिठात फोलिक अ‍ॅसिड घालत नव्हते तेव्हाचा एक अभ्यास २००७ मध्ये आला, ज्या आयांनी सुरुवातीच्या आठवड्यांत ४०० मायक्रोग्रॅम किंवा जास्त घेतलं त्यांच्यात फाटलेल्या ओठाचा धोका एक तृतीयांशाहून थोडा जास्तच कमी दिसला, आणि आहार चांगला, गोळी पण आणि मल्टिव्हिटॅमिन पण, अशा बायकांमध्ये सगळ्यात कमी. नुसत्या टाळूच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. अमेरिकेत १९९८ पासून पिठात फोलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं झालं, त्यानंतर तिथे क्लेफ्टचं, म्हणजे ओठ किंवा टाळू फाटलेली असण्याचं, प्रमाण थोडंसंच कमी झालं, मणक्याच्या व्यंगाइतकं नाही. ब्राझीलमध्ये ०.४ आणि ४ मिलिग्रॅम असे दोन डोस देऊन बघितलं तर जास्त डोसचा जास्त फायदा काही दिसला नाही. म्हणजे माझं मत असं झालंय की गोळी घ्यायचीच, मणक्यासाठी तर नक्कीच, ओठासाठी बऱ्यापैकी शक्यता आहे म्हणून, पण जिने घेतली नाही तिच्या बाळाला क्लेफ्ट झालं तर ते त्यामुळेच झालं असं कुणीही म्हणू शकत नाही. ज्यांनी वेळेवर गोळ्या घेतल्या, सगळं नीट खाल्लं, त्यांच्याही बाळांना होतं. ह्यात जीन्स असतात, आईला आधीपासून असलेला डायबेटीस असतो, फिटच्या काही गोळ्या असतात (त्या मनाने बंद करायच्या नाहीत बरं का, आधी डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यायच्या), सिगरेट असते, दारू असते. आणि बऱ्याचदा नेमकं कारण सापडतच नाही. ग्रहण पाळलं नाहीस म्हणून ऐकवणाऱ्या घरात उद्या गोळी घेतली नाहीस म्हणून ऐकवायला लागले तर त्या बाईसाठी काहीच बदललं नाही, आणि मला हे लिहिताना सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटतेय.

आईच्या खाण्याचा आणि बाळाच्या व्यंगाचा संबंध असू शकतो हे मुळात लोकांना मान्यच नव्हतं, गर्भ आईच्या अंगातून हवं ते ओढून घेतो असं समजायचे. १९३० च्या दशकात टेक्सासमध्ये फ्रेड हेलने डुकरिणींना व्हिटॅमिन ए नसलेलं खाणं दिलं तर पिल्लं डोळ्यांशिवाय जन्मली, काहींचे ओठ आणि टाळू फाटलेले. मग जोसेफ वारकनीने उंदरांच्या माद्यांना बी २ कमी दिलं, तर पिल्लांच्या टाळू उघड्या. माणसांत फिलिपिन्समध्ये बी ६ कमी असलेल्या आयांमध्ये क्लेफ्टची मुलं जास्त दिसलीत, नेदरलँड्समध्ये बी ६ आणि बी १२ दोन्हीचा संबंध दिसला.

बी १२ चं मात्र आपल्याकडे जरा थांबून बोलायला हवं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवलाय. त्यात गरोदर बायकांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींचं बी १२ कमी निघालं, फोलेट मात्र बहुतेकींचं ठीक होतं, भाज्या-डाळी खाणाऱ्या बायका त्या. आता होतं काय की फोलेट आणि बी १२ शरीरात एकाच कामाला जोडीने लागतात, बी १२ नसेल तर फोलेट असूनही एका रूपात अडकून पडतं आणि पेशींच्या उपयोगी येत नाही. शिवाय बी १२ कमी असताना फोलिक अ‍ॅसिड भरपूर घेतलं तर अ‍ॅनिमिया दिसेनासा होतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. याज्ञिकांच्याच अभ्यासात ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी १२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आपल्याकडे मेडिकलमध्ये फोलिक अ‍ॅसिड मागितलं की सर्रास ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, म्हणजे लागतं त्याच्या बारा पटीपेक्षा जास्त. ती काहींना लागते, आधी मणक्याचं व्यंग असलेलं बाळ झालं असेल तर किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर, पण सगळ्यांना नाही. म्हणून लग्नानंतर मूल हवं असं ठरलं की हिमोग्लोबिनबरोबर बी १२ पण तपासून घ्या, विशेषतः घरात शाकाहार असेल आणि दूध-दही पण फारसं पोटात जात नसेल तर. अंडी, मासे, मटण खात असाल तर काळजी कमी, पण आपल्याकडे ते आठवड्यातून एकदा होतं आणि त्यातही बाईच्या ताटात शेवटी उरलेलं येतं, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

जास्त झालं तरी धोका असतो याचं सगळ्यात ठळक उदाहरण व्हिटॅमिन ए. माझ्या कॉलेजच्या मुली पिंपल्ससाठी मैत्रिणीने सांगितली म्हणून आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल घेतात, ती व्हिटॅमिन एच्याच कुळातली आहे आणि गरोदरपणात बाळाच्या चेहऱ्यापासून हृदयापर्यंत गंभीर व्यंगं करते. ती चालू असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर दिवस जाता कामा नयेत. हे प्रत्येक मुलीला आधी सांगायलाच हवं आणि बऱ्याचजणींना कुणी सांगितलेलं नसतं. गाजर, भोपळा, पालेभाज्यांतून मिळतं ते ए व्हिटॅमिन खुशाल खा, त्याने असं होत नाही.

आहाराचं म्हणाल तर आपल्या स्वयंपाकघरात फोलेट भरपूर आहे. मेथी, पालक, शेपू, हरभऱ्याचा पाला, चवळी, मूग, हरभरे, शेंगदाणे, संत्री. फक्त भाजी चिरून मग धुतली, उकडून पाणी फेकून दिलं, तासभर शिजवली की त्यातलं बरंच निघून जातं, तेव्हा आधी धुवा मग चिरा, झाकण ठेवून पटकन शिजवा, डाळीचं-भाजीचं पाणी कट-आमटीत जाऊ द्या. २०२१ नंतर रेशनवर जो फोर्टिफाइड तांदूळ यायला लागला, ज्यातले वेगळे दिसणारे दाणे लोक प्लास्टिकचा तांदूळ म्हणून निवडून फेकतात, त्या दाण्यांत लोह, फोलिक अ‍ॅसिड आणि बी १२ असतं, ते फेकू नका. पण त्यावर भिस्त पण ठेवू नका, त्यात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं, म्हणजे दिवसाला पाव किलो तांदूळ खाल्ला तरी तीसेकच्या पुढे जात नाही. गोळीला पर्याय नाही.

शाळा-कॉलेजात आठवड्याला जी निळी गोळी देतात ती लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडची असते, मळमळतं, शी काळी होते म्हणून मुली ती बेंचखाली टाकतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. पण बारावी झाली, लग्न ठरलं, की मग त्या मुलीला कुणी काही देत नाही. सरकारच्या कागदावर गरोदर नसलेल्या बायकांनाही आठवड्याची गोळी आहे, आमच्या भागात तरी ती घेणारी नवी नवरी मी बघितलेली नाही. शालू, दागिने, हॉल, फोटोवाला, सगळ्याच्या याद्या होतात. त्याच यादीत एक बी १२ ची टेस्ट आणि फोलिक अ‍ॅसिडचं पाकीट लिहा ना. सासूबाईंनी आणून दिलं तर उत्तमच, नवऱ्याने आणलं तर त्याहून उत्तम. आणि मिश्री लावायची सवय असेल तर ती सोडायची हीच वेळ आहे, ती पण तंबाखूच आहे.

ज्यांच्या घरी असं बाळ आलंय त्यांच्यासाठी पण थोडं लिहिते. पहिल्या दिवशी सगळ्यात मोठा प्रश्न दुधाचा. नुसता ओठ असेल तर बरीच बाळं अंगावर पितात, जरा धरायची पद्धत बदलावी लागते. टाळू उघडी असेल तर ओढायला जोर लागत नाही, बाळ दमतं, दूध नाकातून येतं, अशा वेळी आईचं दूध पिळून काढून बोंडल्याने, वाटी-चमच्याने किंवा क्लेफ्टसाठी वेगळी बाटली मिळते तिने, बाळाला उभट धरून, हळूहळू पाजायचं, मध्ये मध्ये ढेकर काढायची. वजन वाढणं महत्त्वाचं, कारण ऑपरेशन त्यावर ठरतं. ओठाचं साधारण तीन ते सहा महिन्यांत करतात, टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांच्या मध्ये, बोलायला लागायच्या सुमारास. पैशांमुळे थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, फाटलेला ओठ आणि टाळू दोन्ही येतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांतही हे ऑपरेशन फुकट होतं. टाळूचं झाल्यावर स्पीच थेरपी आणि कानांची तपासणी सोडू नका, या मुलांच्या कानात पाणी साठून ऐकू कमी येतं आणि घरच्यांना वाटतं पोर लक्षच देत नाही.

वहिनी आणि दादा आता दुसऱ्याचा विचार करतायत. परत होईल का, हा पहिला प्रश्न होता दोघांचा. आईवडिलांना स्वतःला नसेल आणि एक मूल क्लेफ्टचं असेल तर पुढच्याला व्हायची शक्यता साधारण शंभरात तीन ते पाच असते, बाकी पंचाण्णव वगैरे वेळा होत नाही. वहिनीचं बी १२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत, फोलिक अ‍ॅसिड तिच्या डॉक्टरांनी आत्तापासूनच सुरू केलंय, डोस पण त्यांनीच ठरवलाय. आणि दादाची सिगरेट बंद झालीये, गॅलरीतली सुद्धा, कारण तो धूर तिच्या नाकात जातोच.